चाक, रस्ता आणि मधला थर

विज्ञानाच्या पुस्तकातील घर्षणाच्या पाठात बहुधा टेबलावरून ओढावयाचा एक लाकडी ठोकळा असतो. शिक्षक ठोकळा ओढून दाखवितात, मुले व्याख्या लिहून घेतात आणि पाठ पुरा होतो. परंतु जिंतूरच्या चढउतारावरील वळणावर एस. टी. गाडी ज्या बलामुळे रस्ता सोडीत नाही, आणि पावसाळ्यात शाळेकडे येणाऱ्या गुरुजींची मोटारसायकल ज्याच्या अभावी आडवी होते, ते बल हेच होय, ही गोष्ट ठोकळ्यावरून मुलांच्या ध्यानी येत नाही. आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ शिक्षक-शिक्षिका दररोज दुचाकीने शाळेस ये-जा करतात. वरच्या वर्गांतील मुलेमुली सायकलने, जीपगाडीने वा रिक्षाने दुसऱ्या गावी शिकावयास जातात. देशात २०२२ या एका वर्षी रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली व त्यांत दुचाकीवरील माणसांचे प्रमाण सुमारे ४४.५ टक्के होते. हे सर्व अपघात चाक घसरल्यामुळे झाले असे कोणी म्हणणार नाही. तथापि अपघाताचे कारण कोणतेही असो, तो टाळण्याचा शेवटचा प्रयत्न ज्या ठिकाणी सफल वा निष्फळ होतो ते ठिकाण म्हणजे चाक व रस्ता यांचा स्पर्श. म्हणून या विषयाचा थोडा तपशिलाने विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम हा स्पर्श किती जागेत होतो ते पाहू. टायरमध्ये हवा भरलेली असते आणि गाडीचे वजन मुख्यतः ती हवाच पेलते. त्यामुळे वजनास हवेच्या दाबाने भागले असता स्पर्शाची जागा स्थूल मानाने निघते. मोटारसायकल, तीवरील स्वार व त्याची पिशवी मिळून २०० किलो वजन धरू. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलो, म्हणजे पंक्चरच्या दुकानातील भाषेत २८ ते ३० पौंड असतो. भागाकार केला की १०० चौरस सेंटिमीटर मिळतात, म्हणजे प्रत्येक चाकाच्या वाट्यास ५०. तीन काडेपेट्या शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे साधारण एवढी जागा होते. गाडी थांबविणे, वळविणे व पुढे ढकलणे ही सारी कामे अशा दोन जागांवर चालतात. एस. टी. गाडीचे एकेक चाक आपणांस केवढे तरी वाटते, पण त्याची टेकलेली जागाही मुलांच्या पाटीहून लहानच असते.

हे मुलांना दाखविणे सोपे आहे. सायकलच्या चाकास थोडी ओली माती वा शाई लावून ते चौकटीच्या कागदावर अलगद टेकवावे, एका मुलास सायकलवर बसवावे, दोघांनी सायकल धरून ठेवावी आणि नंतर चाक सरळ वर उचलावे. उमटलेल्या ठशातील चौकोन मोजावयास मुलांना आनंद वाटतो. हवा कमी करून पुन्हा ठसा घ्यावा, दोन मुले बसवून घ्यावा. गणिताचा व विज्ञानाचा तास येथे एकच होऊन जातो.

आता या चिमुकल्या जागेत पकड कशी उत्पन्न होते? बैलगाडीच्या चाकास लोखंडी धाव असते. ती कठीण असल्यामुळे खडीच्या खाचाखोचांत शिरत नाही, वरवर टेकते. बैलगाडीचे त्यावाचून अडत नाही, कारण गाडी ओढण्याचे काम चाक करीत नाही, बैलाचे खूर करतात. पत्र्या मारलेला बैल गुळगुळीत डांबरी रस्त्यावर बिचकत पाय टाकतो याचे कारणही हेच, की लोखंडाला तेथे धरावयास काही नसते. रबराचा स्वभाव निराळा आहे. ते दाबले की खडीच्या टोकांभोवती बसते, काही अंशी त्यांना चिकटते, आणि घसरू लागलेच तर त्याची सारखी होणारी दबणे व उसळी मारणे ही क्रियाही गतीला विरोध करते. कच्चे रबर उन्हात चिकट व थंडीत ठिसूळ होते. गंधक मिसळून तापविल्यास ते टिकाऊ व लवचीक बनते हे अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यास १८३९ मध्ये आढळले, व हवा भरलेला टायर बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप याने १८८८ मध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीच्या निमित्ताने व्यवहारात आणला. त्याच्याही आधी १८४५ मध्ये रॉबर्ट थॉमसन याने तशी कल्पना नोंदविली होती, पण ती मागे पडली.

येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे व ती समजल्यावाचून पुढील विवेचन कळणार नाही. चाक फिरत असते, गाडी धावत असते, तरी चाकाचा जो भाग त्या क्षणी रस्त्यास टेकलेला असतो तो रस्त्याच्या मानाने जवळजवळ स्थिर असतो. आपण चालतो तेव्हा टेकलेले पाऊल जागच्या जागी असते आणि शरीर पुढे जाते, तसेच हे. पाऊल स्थिर असते तोवर आपण हवे तिकडे वळू शकतो. शेवाळावरून ते सरकू लागले की शरीर कोणीकडे जाईल हे आपल्या हाती राहत नाही. ब्रेक एकदम करकचून दाबला म्हणजे चाक फिरावयाचे थांबते, पण गाडी थांबत नाही. ती थांबलेल्या चाकावर घसरत जाते. घसरणाऱ्या चाकाची पकड फिरणाऱ्या चाकापेक्षा सामान्यतः कमी असते, आणि त्याहून वाईट म्हणजे असे चाक वळविले तरी गाडी वळत नाही. जोरात ब्रेक मारल्याने गाडी लवकर थांबते, हा समज म्हणूनच अर्धसत्य होय.

दुसरी गोष्ट अशी की ही पकड एकाच कणगीतल्या धान्यासारखी असते. ब्रेकसाठी जितके धान्य काढावे तितके वळणासाठी कमी उरते. वळणावर गाडी निम्मी कलली असता पुढचा ब्रेक दाबणारा स्वार पडतो तो यामुळे. कोरड्या रस्त्यावर कणगी भरलेली असल्याने दोन्ही कामे निभतात व चूक झालेली कळतही नाही. ओल्या रस्त्यावर तीच चूक उघडी पडते.

आता काही आकडे पाहू. पकडीचे माप घर्षणगुणांकाने सांगतात. कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर तो सुमारे ०.७, ओल्या रस्त्यावर ०.४ व चिकणमातीचा ओला थर पसरलेल्या रस्त्यावर ०.२ धरू, प्रत्यक्षात तो याहूनही खाली जाऊ शकतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन ब्रेक लागल्यापासून कोरड्या रस्त्यावर सुमारे ९ मीटरांत थांबेल, ओल्या रस्त्यावर त्यास १६ मीटर लागतील आणि चिखलाच्या थरावर ३१ मीटरांहून अधिक. यांत धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंतचा वेळ धरलेला नाही. तो एक सेकंद धरला तरी तेवढ्यात ११ मीटर निघून जातात. वेग ६० केला की हेच तीन आकडे अनुक्रमे २०, ३५ व ७१ मीटर होतात, आणि वेग दुप्पट, म्हणजे ८० केला की ४० च्या वेळेचे आकडे चौपट होतात. वेग दुप्पट तर अंतरही दुप्पट, असे मुले चटकन सांगतात, आणि मोठी माणसेही मनात तसेच धरून गाडी चालवितात. वर्गाचे उदाहरण म्हणून याहून उपयुक्त उदाहरण मिळणे कठीण.

वजन वाढले की चाक अधिक दाबले जाते, म्हणून भरलेली गाडी लवकर थांबते असेही कोणी म्हणतात. चाक अधिक दाबले जाते हे खरे, परंतु थांबवावयाचे वजनही तितकेच वाढलेले असते, त्यामुळे हिशेबातून वजन निघून जाते. लाभ काही होत नाही. उलट ब्रेक अधिक तापतात, टायर अधिक दबतात आणि गाडीचा तोल वरच्या बाजूस जातो. दहा-बारा मुले बसविलेल्या लहान जीपगाडीविषयी एवढे सांगणे पुरे आहे.

हे आकडे ज्या पुस्तकांतून येतात त्यांतील रस्ता एक तर कोरडा असतो नाही तर ओला. आपल्या जिल्ह्यातील रस्त्यावर मात्र चाक व डांबर यांच्यामध्ये नाना प्रकारचे पदार्थ येऊन बसतात, आणि पकडीचा खरा निकाल तेच लावतात. टायर उत्तम, रस्ता नवा, आणि मधला थर वाईट, तर पकड त्या थराची.

त्यांत पहिला मान काळ्या मातीचा. गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या खोऱ्यांतील आपली रेगूर जमीन दख्खनच्या काळ्या खडकाची माती होऊन बनली आहे. तिच्यातील चिकणमातीचे कण अतिशय बारीक व पापुद्र्यासारखे चपटे असतात. पाणी त्या पापुद्र्यांच्या मधे शिरते, म्हणून ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापूस, ज्वारी व ऊस यांना उपकारक असलेला हाच ओल धरण्याचा गुण रस्त्यावर अपकारक होतो. ओला पापुद्रा पापुद्र्यावरून सहज सरकतो आणि डांबराच्या खाचा भरून काढतो. टायरच्या नक्षीतील चरही भरून जातात, आणि मग नवा टायर व झिजलेला टायर यांत भेद उरत नाही. मोटारसायकलीचे हाल याहून निराळे. माती चाकास गुंडाळत जाते, मडगार्डात कोंबली जाते आणि शेवटी चाक फिरेनासे होते. अशा वेळी जोर करून गाडी पुढे दामटण्यापेक्षा उतरून काडीने माती काढणे हाच मार्ग आहे, कारण अडलेले पुढचे चाक म्हणजे न सुटणारा ब्रेकच होय.

ही माती शेतातच राहिली असती तर प्रश्न नव्हता. पांदण रस्ता जेथे डांबरी रस्त्यास मिळतो तेथे ट्रॅक्टर, बैलगाड्या व जनावरांचे पाय ती बाहेर घेऊन येतात. पाथरी, मानवत, परभणी, वसमत असा नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ घ्या किंवा गंगाखेड, सोनपेठ, पालम या बाजूचे रस्ते घ्या, अशी तोंडे जागोजाग आहेत. उसाच्या गाळपाचा हंगाम सुरू होताना शेतात अजून ओल असते, व भरलेल्या ट्रॉल्यांची चाके बाहेर पडल्यावर पुष्कळ अंतरापर्यंत चिखलाचे पट्टे टाकीत जातात. चिखल वाळला की त्याची भुकटी होते आणि एखादी अवकाळी सर आली की ती पुन्हा लोणी बनते. चालकास मात्र दूरून फक्त काळा रस्ता दिसतो. काळ्या रस्त्यावर काळी माती दिसत नाही, हा आपल्या भागाचा विशेष समजावा.

ट्रॅक्टरच्या टायरविषयी येथे एक शब्द सांगितला पाहिजे, कारण मुले त्याच्याकडे कौतुकाने पाहतात. त्याच्या मागच्या चाकावरील उंच तिरपी दांडे मातीत रुतण्यासाठी व रुतलेली माती बाहेर फेकण्यासाठी केलेली असतात. शेतात त्याच्यासारखी पकड कोणाची नाही. पण डांबरावर तीच दांडे तेवढी टेकतात, मधली जागा अधांतरी राहते. शिवाय पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. पुढे ट्रॅक्टर थांबू लागतो आणि मागून उसाने भरलेली ट्रॉली त्यास ढकलीत राहते. उतारावर ट्रॅक्टरच्या अगदी मागे वा पुढे सायकल चालवू नये, एवढे मुलांना बजावून सांगावे.

दुसरा थर पहिल्या पावसाचा. उन्हाळाभर रस्त्यावर धूळ, तेलाचे थेंब व झिजलेल्या रबराची भुकटी साचलेली असते. मृगाची पहिली हलकी सर येते तेव्हा या सर्वांचे एक निसरडे वंगण तयार होते. जोराचा पाऊस दीर्घकाळ पडला म्हणजे ते धुऊन जाते व रस्ता तुलनेने बरा होतो. म्हणजे शाळा उघडण्याच्या सुमाराची रिमझिम ही श्रावणातील मुसळधार पावसापेक्षा पकडीच्या दृष्टीने अधिक घातक ठरू शकते. लोक नेमके उलट समजतात.

तिसरा थर आपण आपल्या हातांनी पसरतो. सोयाबीन, मूग, तूर यांच्या काढणीच्या दिवसांत डांबरी रस्ता हेच खळे समजून त्यावर पीक वाळत घातले जाते, व येणाऱ्याजाणाऱ्या वाहनांकडून फुकट मळणी करून घेतली जाते. सोयाबीनचा गोल दाणा चाकाखाली गोट्यासारखा फिरतो. सायकलच्या बेअरिंगमधील छर्रे जे काम करतात तेच काम हे दाणे करतात. छर्रे घर्षण कमी करण्यासाठी मुद्दाम बसविलेले असतात, एवढाच फरक. त्यात पीक झाकावयास कडेला दगड मांडलेले असले की रात्री येणाऱ्या दुचाकीस्वाराची दोन्हींकडून कोंडी होते. शेतकऱ्याची अडचण खरी आहे, सर्वत्र पक्की खळी नाहीत हे मान्य केले पाहिजे. पण दाण्याची किंमत व माणसाची किंमत यांचा हिशेब गावाने एकदा बसून करावयास हवा, आणि ती गोष्ट काढण्यास शिक्षकाइतका योग्य माणूस गावात बहुधा दुसरा नसतो.

नदीकाठच्या रस्त्यांवर वाळूच्या गाड्यांतून सांडलेली वाळू, खड्डे बुजविल्यावर मोकळी राहिलेली खडी, यांचाही परिणाम दाण्यासारखाच होतो. रस्त्याच्या कडेचे दुखणे थोडे वेगळे आहे. काळी जमीन फुगते व आकसते तशी डांबराची कड तुटते व साइडपट्टी खाली जाते. समोरून मोठी गाडी आली म्हणून दुचाकीस्वार खाली उतरतो आणि मग तिरप्या चाकाने ती उंच कड चढावयास पाहतो. चाक कडेला घासत राहते, वर चढत नाही, आणि स्वार पडतो. वेग अगदी कमी करून कडेशी शक्य तितका काटकोन साधून चढावे, नाहीतर खालूनच थोडे पुढे जाऊन सपाट जागा शोधावी.

आता टायरकडे वळू. टायरवरील चर हे शोभेसाठी नसतात, कोरड्या रस्त्यावर पकड वाढावी म्हणूनही नसतात. शर्यतीच्या मोटारींचे कोरड्या रस्त्यावरील टायर अगदी गुळगुळीत असतात हे ऐकून मुलांस आश्चर्य वाटेल. चर आहेत ते पाणी बाहेर काढण्यासाठी. १५ सेंटिमीटर रुंदीचा मोटारीचा टायर ताशी ६० किलोमीटर वेगाने २ मिलिमीटर खोल पाण्यातून जात असेल, तर त्यास दर सेकंदाला सुमारे ५ लिटर पाणी बाजूस सारावे लागते. हा गुणाकार सातवीच्या मुलांकडून करून घ्यावा. त्यासाठी मिळणारा अवधी किती? टायरचा एकेक भाग रस्त्यास टेकतो तो सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी काळ. तेवढ्यात पाणी निघाले नाही तर चाक रस्त्यावर न राहता पाण्यावर तरंगते, आणि मग ब्रेक व सुकाणू दोन्ही व्यर्थ होतात. चांगल्या टायरच्या मोटारीस हे साधारणतः ताशी ९० किलोमीटरच्या आसपास व खोल पाण्यात घडते. झिजलेल्या टायरला ते पुष्कळ आधी गाठते.

यावरून गुळगुळीत टायर माणसास कसा फसवितो ते दिसून येईल. आपल्याकडे त्यास गोटा टायर म्हणतात. फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत तो उत्तम चालतो, कोठे घसरत नाही, आणि मालकाची खात्री पटते की अजून सहा महिने यास काही होत नाही. त्याची परीक्षा मृगात होते, व तोवर नवा टायर घेण्याचे पैसे बियाण्यात गेलेले असतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे चरांची खोली मोटारी व मोठ्या वाहनांसाठी किमान १.६ मिलिमीटर, व दुचाकी-तीनचाकींसाठी किमान ०.८ मिलिमीटर असावी लागते. टायरच्या चरांत तळाशी लहान उंचवटे मुद्दाम ठेवलेले असतात. टायरची पाठ झिजून त्यांच्या पातळीस आली की टायरचे आयुष्य संपले असे समजावे. कंपासपेटीतील पट्टीनेही अंदाज घेता येतो. कायद्याने दिलेली ही मर्यादा शेवटची आहे. पावसाळा तोंडावर असता त्या मर्यादेपर्यंत वाट पाहू नये असे आमचे मत आहे.

टायरच्या बाजूवर चार आकड्यांची एक खूण असते. २३१९ असे असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला असे समजावे. रबर न वापरताही म्हातारे होते. ते कडक होते, त्यास बारीक भेगा पडतात, खडीभोवती बसण्याचा त्याचा गुण कमी होतो. कमी चाललेली गाडी म्हणजे चांगल्या टायरची गाडी, असे नव्हे.

हवेविषयी आपल्या भागात एक गैरसमज रूढ आहे. मे महिन्यात परभणीचा पारा ४३-४४ अंशांवर जातो, रस्ता त्याहून पुष्कळ तापतो, हवा प्रसरण पावते, म्हणून टायर फुटू नये यासाठी उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी असे लोक म्हणतात. हवा प्रसरण पावू पाहते व दाब वाढतो हे बरोबर आहे. २५ अंशांवर भरलेली ३० पौंडांची हवा ६५ अंशांवर सुमारे ३६ पौंड होते. पण चांगला टायर हे सहज सोसतो, व कारखान्याने दिलेल्या दाबात ही वाढ गृहीत धरलेली असते. हवा कमी असलेला टायर मात्र प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतो व उसळतो, त्या दबण्या-उसळण्यातून आतल्या आत उष्णता उत्पन्न होते, धाग्यांचे थर सुटू लागतात, आणि जो फुटू नये म्हणून खटाटोप केला तोच फुटतो. सकाळी टायर थंड असता हवा तपासावी व कारखान्याने सांगितली तेवढीच ठेवावी.

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा नागपूर ते शिर्डी असा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. तो शेजारच्या जालना जिल्ह्यातून जातो. तेथील अपघातांची चर्चा सुरू झाली तेव्हा टायर फुटणे हा शब्द सर्वांच्या तोंडी आला, आणि झिजलेल्या टायरच्या वाहनांस प्रवेश नाकारण्याची मोहीम परिवहन विभागाने २०२३ मध्ये हाती घेतली. ती योग्यच होती. मात्र १ जुलै २०२३ च्या पहाटेआधी सिंदखेड राजाजवळ खासगी प्रवासी बस उलटून पेटली व २५ प्रवासी जळून मरण पावले, त्या वेळी टायर फुटल्याचे चालकाने सांगितले असता परिवहन कार्यालयाच्या तपासणीत तसा पुरावा आढळला नाही. टायर बोलत नाही, म्हणून पुष्कळदा दोष त्याच्या माथी मारला जातो. वेग, झोप व थकवा यांचे प्रश्न पकडीच्या प्रश्नाहून वेगळे आहेत, आणि उत्तम टायर त्यांवरील उपाय नव्हे, हेही मुलांना सांगितले पाहिजे.

दुचाकी चालविणाऱ्या शिक्षकबंधुभगिनींसाठी थोडे व्यवहाराचे. ब्रेक लावताना वजन पुढच्या चाकावर येते, त्यामुळे कोरड्या सरळ रस्त्यावर थांबविण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो. केवळ मागच्या ब्रेकवर विसंबण्याची सवय म्हणून चांगली नव्हे. दोन्ही ब्रेक एकत्र व क्रमाक्रमाने दाबावेत. चिखलात, दाण्यांवर वा वळणावर मात्र पुढचा ब्रेक अत्यंत हलक्या हाताने वापरावा. वेग त्या जागी पोचण्याच्या आधीच कमी केलेला असावा. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या नव्या दुचाकींना चाक अडकू न देणारी ब्रेकची यंत्रणा सक्तीची झाली. ती चाक फिरते ठेवते, त्यामुळे गाडी सरळ राहते. परंतु रस्त्यात नसलेली पकड ती निर्माण करू शकत नाही, व चिखलावरील ३१ मीटर ती ९ मीटर करणार नाही.

शेवटी वर्गातील प्रयोग. सुमारे एक मीटर लांबीची फळी घ्यावी व तिच्यावर काचकागद चिकटवावा, तो आपला डांबरी रस्ता. जुन्या रबरी चपलेच्या तळाचा तुकडा अर्ध्या विटेच्या खाली सुतळीने असा बांधावा की सुतळी फळीस लागणार नाही, ते आपले चाक. वीट फळीवर ठेवून फळीचे एक टोक हळूहळू उचलावे. वीट ज्या क्षणी घसरू लागेल त्या क्षणी फळी धरून ठेवावी, वरच्या टोकापासून ओळंबा सोडून उंची मोजावी, व खालच्या टोकापासून ओळंब्यापर्यंतचे जमिनीवरील अंतर मोजावे. उंचीस त्या अंतराने भागले की घर्षणगुणांक मिळतो. यासाठी तराजूची वा अन्य उपकरणाची गरज नाही. प्रत्येक प्रयोग निदान पाच वेळा करून सरासरी काढावी, कारण एकदाच मिळालेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नये ही सवय मुलांना येथेच लागते.

आधी कोरड्या फळीवर, मग पाणी शिंपडून, मग शेतातील काळ्या मातीचा पातळ लेप देऊन, आणि शेवटी फळी स्वच्छ करून तीवर मूठभर सोयाबीन पसरून प्रयोग करावा. एक वीट व दोन विटा यांची तुलना करावी. वजन वाढल्याने गुणांकात फारसा फरक पडत नाही असे दिसेल. रबर या बाबतीत पुस्तकी नियम तंतोतंत पाळीत नाही, थोडा फरक आलाच तर मुलांना दटावू नये, आकडा आहे तसा लिहू द्यावा. मिळालेले चार गुणांक घेऊन वरच्या वर्गातील मुलांनी थांबण्याची अंतरे काढावीत व मैदानावर फक्कीने आखावीत. नऊ मीटर व एकतीस मीटर यांतील भेद फळ्यावर कळत नाही, तो पायांनी चालून कळतो.

प्रयोगानंतर मुलांकडून शाळेपासून मुख्य रस्त्यापर्यंतचा कच्चा नकाशा काढून घ्यावा व त्यावर घसरणीच्या जागा दाखवाव्यात: पांदणीची तोंडे, खचलेली साइडपट्टी, पुलाजवळ साचणारी वाळू, पीक वाळविण्याचे पट्टे. जून, ऑक्टोबर व जानेवारी असा तीनदा हा नकाशा केल्यास थर कसा बदलतो ते दिसते. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीस द्यावी. पांदणीच्या तोंडाशी मुरूम व खडी टाकून चाकांचा चिखल तेथेच झडेल अशी दहा-वीस मीटरांची पट्टी करावयाची झाल्यास, कोठून आरंभ करावा हे ठरविण्यास सदस्यांना तो नकाशा उपयोगी पडेल.